छोट्या क्लिनिकमध्ये पेशंटचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर ठेवून खरंच फायदा होतो का?

हो, होतो, सगळ्यात आधी म्हणजे जुना केसपेपर शोधत बसावं लागत नाही, मोबाईल नंबर टाकला की मागची औषधं, बीपी, शुगर सगळं तारखेनुसार समोर. मी क्लिनिकचं रिसेप्शन सांभाळते म्हणून सांगते, पेनिसिलीनची ॲलर्जी एकदा नोंदवली की डॉक्टरांनी अमॉक्सिसिलीन (पेनिसिलीनच्याच गटातलं औषध) टाकलं तर चांगलं सॉफ्टवेअर तिथेच अडवतं, कागदावर तीच नोंद कुठल्यातरी मागच्या पानावर राहते आणि ते जिवावर बेतू शकतं. प्रिस्क्रिप्शन छापील असल्याने मेडिकलवाल्याचाही घोळ होत नाही. १४ अंकी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, जोडला तर पेशंटच्या परवानगीने दुसऱ्या हॉस्पिटललाही रेकॉर्ड बघता येतं. फक्त सुरुवातीला टायपिंगमुळे ओपीडी हळू चालते, तेवढी तयारी ठेवा.