विज्ञान, अभियांत्रिकी आणि समाजविकास यांना जोडणारं संशोधन आपल्याकडे खरंच होतं का?

तुम्ही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, पुढे संशोधनात जायचं मनात आहे, आणि 'हे सगळं पेपर छापण्यापुरतंच असतं का' अशी शंका विचारली आहे. मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कॉलेजात सिव्हिल शिकवतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन गावांच्या नळपाणी योजना तपासायचं काम करतो. त्यामुळे माझं उत्तर पाण्याच्या अंगाने जाईल.

होतं, पण थोड्या ठिकाणी. खरं काम ओळखायला मी एकच गोष्ट बघतो: संपल्यावर अहवाल मागणारं कुणी आहे का? ग्रामपंचायत, तहसील, एखादं खातं, कुणीही चालेल. मागणारं कुणी नसेल तर प्रकल्पाच्या नावात 'ग्रामीण' आणि 'शाश्वत' कितीही वेळा येऊ दे, तो कपाटात जातो.

जुनं उदाहरण घ्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली अमूल्य रेड्डी यांनी खेड्यांच्या गरजांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरणारा 'अस्त्र' हा गट उभा केला. रेड्डी मूळचे विद्युत-रसायनशास्त्रातले, त्या विषयाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक. हा माणूस कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात शेणाचे हिशेब मांडत बसला. पुरा नावाच्या गावात सामुदायिक गोबर गॅस संयंत्र उभं राहिलं, ते आधी स्वयंपाकासाठी. हिशेब जुळेना, कारण गावच्या गुरांच्या शेणातून सगळ्या चुलींना पुरेल एवढा गॅस निघत नव्हता, आणि गावाची पहिली मागणी पिण्याच्या पाण्याची होती. मग 1987 पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज तयार झाली, त्या विजेवर बोअरचं पाणी टाकीत चढलं आणि घरांत दिवे लागले. शेण आणून देणाऱ्याला वजनावर पैसे मिळत आणि गॅस निघून गेल्यावरची स्लरी खत म्हणून परत मिळे. हे खत परत देण्याचं कलम मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. ते नसतं तर शेतकऱ्याने शेण कशाला आणलं असतं? संयंत्राची रचना कितीही उत्तम असली तरी ते उपाशी राहिलं असतं.

आपल्याकडे पवईत, आयआयटी मुंबईमध्ये, 'सितारा' हे केंद्र 1985 पासून आहे, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं. 2007 पासून तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येतं आणि त्यात गावात राहून करायचं काम अभ्यासक्रमाचाच भाग आहे. तिथल्या कामाला आकार देणाऱ्यांत मिलिंद सोहोनी हे मोठं नाव. मूळ संगणकशास्त्राचे. केतन मुळमुळे यांच्याबरोबर त्यांनी केलेलं काम संगणकशास्त्रातल्या सर्वात अवघड अशा एका गणिती कोड्यावर आहे, आणि तेच गृहस्थ रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या टँकरवर जगणाऱ्या वाड्यांच्या पाण्यावर लिहितात. कर्जतला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात विहिरी कोरड्या. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली कठीण बेसॉल्ट. जे थोडंफार मुरतं तेही थंडी सरेपर्यंत ओढ्यांना जाऊन मिळतं. हे भूजलाचं विज्ञान झालं. पण सरकारच्या टंचाई आराखड्यात कोणती वाडी बसते आणि कोणती बसत नाही, हा प्रश्न भूगर्भशास्त्र सोडवत नाही.

आता पाइपांकडे येतो, कारण इथे मला थांबावंसं वाटतं. पाण्याच्या एकाच स्रोतावरून पाच-पन्नास वाड्यांना पाणी न्यायचं तर कुठल्या टप्प्यात किती व्यासाचा पाइप घालायचा? पाइप निम्म्या व्यासाचा केला तर तेवढंच पाणी न्यायला घर्षणात जाणारा दाब जवळपास 29 पट वाढतो. जाड पाइप सगळीकडे घालावा तर खर्च आभाळाला. बाजारात ठरावीक व्यासांचेच पाइप मिळतात, त्यामुळे कुठे कोणता व्यास याचे पर्याय लाखांत जातात. यातली गंमत अशी की झाडाच्या फांद्यांसारख्या फुटणाऱ्या जाळ्यात प्रत्येक टप्प्यातून किती पाणी जाणार हे आधीच ठरलेलं असतं. मग 'या टप्प्यातले किती मीटर या व्यासाचे, किती मीटर त्या व्यासाचे' एवढंच अज्ञात उरतं. खर्चही लांबीच्या प्रमाणात आणि दाबाची घटही लांबीच्या प्रमाणात, म्हणजे सगळं गणित रेषीय होतं आणि कॉम्प्युटर ते झटक्यात सोडवतो. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातून आलेली 'जलतंत्र' ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. ती फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडते, आणि पाणीपुरवठ्याचे सरकारी इंजिनिअर तिच्यात खऱ्या योजना आखतात. माझ्या मते एखाद्या खात्याच्या इंजिनिअरने रोजच्या कामात उघडलेली फाइल ही इतरांच्या पेपरांतल्या शंभर उल्लेखांहून मोठी पावती आहे.

तशीच दुसरी पावती विदर्भ-मराठवाड्यातली. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात सुमारे 5000 गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईने तयार केली. पाऊस किती, वाहून किती गेला, मातीत किती राहिला, पिकाला किती कमी पडला, हे रोजच्या हिशेबाने.

पण नुसत्या गणिताने सुटतं असं समजू नका. आम्ही तपासलेल्या एका योजनेत शेवटच्या वाडीला एप्रिलमध्ये पाणी पोचत नव्हतं. कागदावर दाब पुरेसा. पोरांनी उंची मोजल्या, पाइप तपासले, फारसं काही सापडेना. मग चौकशी केली तेव्हा साखळी दिसली. वाडीला पाणी येत नाही म्हणून ती पाणीपट्टी भरत नाही. पट्टी येत नाही म्हणून पंपाचं बिल थकतं. बिल थकलं की पंप कमी तास चालतो, आणि कमी तास चालला की पाणी वरच्या आळीतच संपतं. त्यात वरच्या आळीत मुख्य लाइनवरूनच थेट जोडण्या घेतलेल्या, व्हॉल्व्ह नसलेल्या. हा जलशास्त्राचा प्रश्न आहे की राज्यशास्त्राचा, हे ठरवायला गेलात तर गावातच हसतील तुम्हाला. आणि ही माहिती पारावर बसलेल्यांकडून मिळाली नव्हती. सकाळी अकराला जीप घेऊन गेलं की पुरुषच भेटतात आणि ते सांगतात, 'पाणी येतं की.' पहाटे हंडा घेऊन निघणाऱ्या बाईला विचारायचं तर पहाटेच जावं लागतं. सर्वेक्षणाची वेळ ही संशोधनपद्धतीचाच भाग आहे, हे आम्हाला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं.

आता कडू भाग. असं काम करणाऱ्या प्राध्यापकाला बढतीच्या वेळी गुण मिळतात ते पेपरचे. तालुक्याच्या योजनेवरचा पेपर पाठवला की परीक्षक विचारतो, 'यात नवीन काय?' त्याचंही पूर्ण चुकत नाही, कारण पाइपातलं घर्षण नवीन नाहीच. नवीन असतं ते तिथल्या गाठी कशा सुटल्या यात, आणि ते छापायला जागा कमी. 2016 साली राज्यात उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू झालं, जिल्ह्यातल्या कॉलेजांनी जिल्ह्याच्याच प्रश्नांवर काम करावं म्हणून. कल्पना मला शंभर टक्के पटते. पण माझ्यासारख्याला आठवड्याला जेवढे तास शिकवायचे असतात तेवढ्यातून सवड काढून कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवणं, हे प्रत्येकाकडून होत नाही. म्हणून केंद्र निवडताना वेबसाइटवरचे फोटो बघू नका. तिथला एखादा जुना अहवाल मागून घ्या आणि ज्या गावाचा किंवा खात्याचा तो आहे तिथे विचारा, की पुढे काय झालं. गाइडला हा प्रश्न आवडला नाही तर तेही उत्तरच समजा.

प्रवेशाची वाट बघायचीही गरज नाही. मेकॅनिकलचे आहात, तर पंप तुमचा. जवळच्या गावाच्या नळपाणी योजनेचा पंप शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला घ्या. टाकी रिकामी असताना पंप सुरू करून पातळी किती वेळात किती चढते ते बघा, त्यावरून ताशी किती पाणी येतं ते निघेल. पंपाच्या डिलिव्हरीवर प्रेशर गेज लावा; गेजवरचे 5 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) म्हणजे पाणी साधारण 50 मीटर चढवणारा दाब, त्यात विहिरीतल्या पाण्यापासून गेजपर्यंतची उंची मिळवा. विजेच्या मीटरवरून ताशी किती युनिट जातात ते लिहा. समजा ताशी 30 हजार लिटर पाणी एकूण 60 मीटर चढतंय, तर पाण्याला प्रत्यक्ष मिळालेली शक्ती 4.9 किलोवॅट. मीटर जर ताशी 14 युनिट दाखवत असेल तर पंप आणि मोटर मिळून संचाची कार्यक्षमता 35 टक्के. चांगल्या स्थितीतला संच 50 च्या वर असायला हवा. वरच्या फरकाचे वर्षाचे रुपये काढा आणि ते कॉलेजच्या फाइलमध्ये लावण्याआधी ग्रामसेवकाला द्या, थकलेल्या बिलाशेजारी ठेवून.