ध्यानाला बसले की रडूच येतं

पत्र: मावशी, माझं वय 47, नाशिकला राहते, शाळेच्या ऑफिसात काम करते. वर्षभर पाळीचा काही भरवसा नाही, कधी दोन महिन्यांनी तर कधी पंधरा दिवसांत. रात्री तीनला अंगातून वाफा निघतात, गाऊन भिजतो आणि मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसभर चिडचिड, परवा मुलावर एवढी ओरडले की तो जेवलाच नाही. मिस्टर म्हणतात ध्यान कर म्हणजे शांत होशील, नणंद म्हणते इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेच्या शिबिराला जाऊन ये. मी मोबाइलवर अ‍ॅप घेतलं, पण डोळे मिटले की आई आठवते (मागच्या वर्षी गेली) आणि रडूच येतं. मला ध्यान जमणारच नाही का? – रात्रीची जागी

अगं जागी, आई जाऊन वर्ष झालं, त्यात ऑफिस, घर, डबे, रात्रीची झोप नाही, तू निवांत बसली असशील कधी? मग पहिल्यांदा शांत बसल्यावर रडू नाही येणार तर काय येणार. ते जमलं नाही असं नाहीये, जे साठलं होतं ते बाहेर आलं एवढंच.

पण ध्यानाच्या आधी डॉक्टर, हे मी ठासून सांगते. पंधरा दिवसांनी पाळी येतेय ना, ते "वयच आहे" म्हणून सोडायचं नाही. गायनॅककडे जा, सोनोग्राफी लागेल का विचार, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच करून घे, कारण थकवा, चिडचिड, छातीत धडधड हे सगळं थायरॉइडनेही होतं आणि रक्त कमी असलं तरी होतं, आणि तसं असेल तर कितीही ध्यान कर, काही उपयोग नाही. वाफांवरच्या हार्मोनच्या गोळ्यांबद्दलही विचार, सगळ्यांना चालत नाहीत, ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर सहसा देत नाहीत, पण नुसत्या भीतीने तो विषयच काढायचा नाही असंही नको.

आता त्या वाफा. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खालीवर व्हायला लागलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस, जो अंगाचं तापमान सांभाळतो, तो बिघडलेल्या थर्मोस्टॅटसारखा वागतो, थोडीशी उष्णता झाली तरी त्याला वाटतं फार तापलंय, लगेच घाम काढा. ध्यानाने हे थांबत नाही. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटी या तज्ज्ञांच्या संस्थेने 2023 मध्ये बिनहार्मोनचे उपाय तपासले तेव्हा हॉट फ्लॅशसाठी, म्हणजे या वाफांसाठी, माइंडफुलनेसची (आत्ता जे होतंय ते नुसतं बघत राहायचं, त्या ध्यानाची) शिफारस केली नाही, दीर्घ श्वसनाचीही नाही, सीबीटी नावाच्या समुपदेशनाची मात्र केली. त्यामुळे "महिनाभर प्राणायाम करा, हॉट फ्लॅश गायब" असे फॉरवर्ड आले की सरळ डिलीट कर.

मग ध्यान कशाला? अगं, वाफ बहुतेक वेळा एक ते पाच मिनिटांत उतरते. तू जागी राहतेस ती पुढचे दोन-तीन तास, आणि ते तास जातात कशात तर आता झोप गेली, उद्या ऑफिसात डोळे मिटणार, पोराला काय बोलून गेले मी, आई असती तर... या हिशेबात. ध्यानाचं काम या दोन-तीन तासांवर आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला तोही मुख्यतः जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या पेशंटसाठी, दुखणं जाईल असं वचन देऊन नव्हे तर त्याच्यासोबत दिवस कसा काढायचा यासाठी.

तर रात्री तीनला उठून पद्मासन वगैरे नको. पडल्या पडल्याच, चादर बाजूला कर, पंखा वाढव, आणि वाफ कुठून सुरू झाली ते बघ, छातीतून मानेकडे, मानेवरून कानाकडे. हिशेब सुरू झाला की मनात म्हण "हिशेब" आणि परत तळपायांकडे ये. दहा वेळा भरकटशील, दहा वेळा परत ये, तेवढंच करायचंय. घड्याळ आणि मोबाइल बघायचा नाही. आणि याची सवय दिवसा कर, तीनला पहिल्यांदा करायला गेलीस तर वैताग येईल. दिवसा डोळे उघडे ठेवून गच्चीत हळू चालत केलंस तरी चालतं, उलट तुला सध्या तेच बरं, डोळे मिटले की आई येते ना. आलीच तर येऊ दे, पाच मिनिटं रड, मग तोंड धू आणि चहा घे.

इगतपुरी आत्ता नको. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात लोकांना खूप चांगले अनुभव येतात, पैसेही घेत नाहीत, पण दहा दिवस मौन, फोन बंद, पहाटे चारला उठायचं आणि दिवसाला दहाएक तास बसायचं, हे दुःख ताजं असताना, झोप उडालेली असताना फार होतं. फॉर्ममध्ये तब्येतीचं आणि मनाचं विचारतात ते उगाच नाही. नणंदेला सांग, रिपोर्ट येऊ देत, पुढच्या वर्षी बघू.

आणि रडणं रोजचंच झालं, जेवण जाईना, जगण्यातच राम नाही असं वाटायला लागलं तर मला पत्र लिहीत बसू नकोस, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, किंवा 14416 ला फोन कर, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

मिस्टरांचं एक राहिलं. "ध्यान कर म्हणजे शांत होशील" याचा अर्थ बरेचदा "म्हणजे आम्हाला त्रास होणार नाही" असा असतो, राग नको मानूस पण मला तरी तसंच ऐकू आलं. त्यांना म्हणावं, करते की ध्यान, संध्याकाळी सात ते साडेसात, तेवढा वेळ कुकर तुम्ही लावा, दार वाजलं तर तुम्ही उघडा, आणि गायनॅककडे माझ्यासोबत चला. पोराला मात्र तूच सांग, तुझं काही चुकलं नव्हतं, माझी झोप होत नाहीये आणि तब्येतीचं असं असं चाललंय. मुलगा आहे म्हणून लपवू नकोस, त्याला कळू दे.