रुझवेल्टचं बीपी, 1944चं इलेक्शन आणि तुमचे प्रश्न

मागच्या वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्यावर लिहिलं होतं, दुसरं महायुद्ध चालू, स्वतःचं हृदय थकलेलं आणि तरी 1944ला चौथ्यांदा इलेक्शनला उभे. त्यावर भरपूर प्रश्न आले आणि निम्म्या लोकांचं वाक्य एकच, "पण डॉक्टर, ते तर अचानक गेले ना?" नाही हो. 12 एप्रिल 1945ला मेंदूत रक्तस्राव झाला हे खरं, पण बीपीचे आकडे त्याआधी आठ वर्षं कागदावर दिसत होते. एकेक प्रश्न घेतो.

प्रश्न (सांगली): त्यांना पोलिओ होता, त्यानेच गेले का?

नाही. पोलिओ 1921चा. त्याने पाय गेले, जीव बीपीने गेला.

प्रश्न (पुणे): इतके आजारी आहोत हे उभं राहताना त्यांना माहीत होतं का? लोकांना का नाही सांगितलं?

मार्च 1944च्या शेवटी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाच्या नौदल हॉस्पिटलात हॉवर्ड ब्रुएन नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं. जरा हलवलं तरी धाप, ओठ आणि नखं निळसर, हृदय वाढलेलं, फुफ्फुसात खाली पाणी, बीपी 186/108. म्हणजे सरळ हार्ट फेल्युअर. त्यांचे नेहमीचे डॉक्टर मॅकइंटायर हे नाक-कान-घशाचे, ते आधी डिजिटॅलिस, म्हणजे थकलेल्या हृदयाला जोर देणारं औषध, द्यायलाच तयार नव्हते, मग बाहेरून मोठे डॉक्टर बोलावले तेव्हा गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत छाती साफ झाली. सिगरेट कमी, मीठ कमी, महिनाभर साउथ कॅरोलायनात विश्रांती. पण मॅकइंटायरनी ब्रुएनना सांगून ठेवलेलं की पेशंटला आपणहून काही सांगायचं नाही. आणि पेशंटनेही कधी विचारलं नाही, ही नवीन गोळी कसली, बीपी रोज का बघताय, काहीच नाही! त्यामुळे त्यांना नेमकं किती माहीत होतं हे ब्रुएनसुद्धा सांगू शकले नाहीत.

लोकांना तर मॅकइंटायर शेवटपर्यंत सांगत राहिले की वयाच्या मानाने तब्येत उत्तम. आणि हे बघा, 10 जुलै 1944ला बोस्टनचे सर्जन फ्रँक लाही यांनी लिहून ठेवलं की हा माणूस पुढची चार वर्षं काढू शकेल असं मला वाटत नाही, तसं मी मॅकइंटायरना सांगितलंय. दुसऱ्याच दिवशी, 11 जुलैला, रुझवेल्टनी जाहीर केलं की पक्षाने उभं केलं तर मी तयार आहे. तो कागद लोकांसमोर आला कित्येक दशकांनी. डॉक्टर म्हणून मला याचा राग येतो. पेशंटचं गुपित राखणं वेगळं आणि खोटा निर्वाळा देणं वेगळं.

प्रश्न (नागपूर): एवढा आजारी माणूस चार तास पावसात उघड्या गाडीतून कसा फिरेल? मला वाटतं नंतर वाढवून सांगितलंय.

फिरले की. 21 ऑक्टोबर 1944, न्यूयॉर्क, धो धो पाऊस, विरोधी उमेदवार ड्यूई 42 वर्षांचे तरुण आणि यांना दाखवायचं होतं की मी धडधाकट आहे. पण एक दिवस चांगला गेला म्हणजे हृदय चांगलं झालं असं नसतं. ब्रुएननीच नोंदवलंय की प्रचारात ते खुलले, बीपीही उलट थोडं उतरलेलं असायचं. आणि इलेक्शन झाल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी तेच बीपी 260/150.

त्याच वर्षीचं, ऑगस्टमधलं ब्रेमर्टनचं (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा नौदल तळ) भाषण कुणी लक्षात घेत नाही. युद्धनौकेच्या डेकवर, वाऱ्यात, पायाला लोखंडी पट्टे लावून उभे राहिले, वजन उतरल्याने ते पट्टे सैल झालेले, आणि बोलता बोलता छातीत कळ आली, दोन्ही खांद्यांपर्यंत गेली. पंधराएक मिनिटं तसेच बोलत राहिले. नंतर ईसीजी काढला तर त्यात नवीन काही नाही. तेव्हा "माझा ईसीजी नॉर्मल आला होता" हे सांगून छातीतलं दुखणं अंगावर काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न (नाशिक): माझे वडील 68चे, बीपी 170/100 असतं पण त्रास काहीच नाही. शेजारचे काका म्हणतात शंभर अधिक वय एवढं बीपी चालतं. गोळी बंद केलीय. बरोबर ना?

चूक. साफ चूक. आणि हा प्रश्न मला रोज येतो म्हणून जरा लांब लिहितो.

रुझवेल्टचे आकडे बघा. 1935ला 136/78. 1937ला 162/98. 1941ला 188/105. या सगळ्या काळात माणूस देश चालवतोय, भाषणं देतोय, युद्ध लढतोय, "त्रास काहीच नाही". त्या काळच्या डॉक्टरांतही मोठमोठे लोक मानायचे की वय वाढलं की बीपी वाढणारच, शरीराची गरज आहे, त्याला हात लावू नका. तुमच्या काकांचं शंभर अधिक वय तिथलंच आहे. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडे चांगलं औषधच नव्हतं. बीपीने हृदयाला काय होतं हे हजारो लोकांवर वर्षानुवर्षं बघणारा अमेरिकेतला फ्रॅमिंगहॅमचा अभ्यास सुरू झाला 1948ला, लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या थायाझाइडच्या गोळ्या आल्या 1950च्या दशकाच्या शेवटी. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला जे मिळालं नाही ते आज तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, सरकारी दवाखान्यात मिळतं, आणि आपण ते डबीत ठेवून काकांचं ऐकतो!

बीपी दुखत नाही हो. डोकं दुखेल तेव्हा बघू म्हणता, रुझवेल्टचं डोकं दुखलं ते 12 एप्रिलला दुपारी, जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला, चित्रासाठी बसलेले असताना. मानेच्या वर मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणाले आणि बेशुद्ध झाले. ब्रुएन तिथेच होते, बीपी 300/190. अडीच तासांत संपलं. वय 63, तुमच्या वडिलांपेक्षा पाच वर्षांनी लहान.

तर आता काय करायचं. वडिलांना पाच मिनिटं शांत बसवा, चहा-तंबाखूनंतर लगेच नको, हात छातीच्या उंचीवर टेकवून बीपी घ्या, दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. पण त्यासाठी थांबू मात्र नका, याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा, किडनीची रक्ततपासणी आणि ईसीजी होईल. जुनी गोळी स्वतःहून परत सुरू करू नका, बंद का केली हेही डॉक्टरांना खरं खरं सांगा.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे सर्पगंधाची पावडर मिळते, बीपी मुळापासून जातं म्हणतात. तेव्हा रुझवेल्टना ती का दिली नाही?

सर्पगंधेने बीपी उतरतं हे खरंय, आणि ते जगाच्या डॉक्टरांसमोर ठेवलं आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, 1949ला, ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात. तेव्हा रुझवेल्टना जाऊन चार वर्षं झाली होती. पण डॉ. वकील यांनी पेशंट मोजून, बीपी लिहून काम केलं होतं, पुडीवर साप छापून विकलं नव्हतं. सर्पगंधेच्या मुळातल्या रिसर्पिन या द्रव्याने माणसाला खोल उदासी येऊ शकते, नाक चोंदतं, बाकीच्या गोळ्यांशी भांडण होतं. पुडीत किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. "मुळापासून जातं, गोळ्या सोडा" असं जो सांगतो त्याच्याकडून काहीच घेऊ नका. घेतच असाल तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नका.

प्रश्न (ठाणे): यूट्यूबवर ऐकलं, खरं तर त्यांना कॅन्सर होता?

डाव्या भुवईवर काळा डाग होता, नंतरच्या फोटोंत तो नाही, एवढ्यावर सगळा डोलारा. बायोप्सीचा कागद नाही, पोस्टमॉर्टेम झालं नाही, हॉस्पिटलची केस फाइल गायब आहे. फाइल गायब होणं वाईटच, त्यानेच असल्या गोष्टींना पाय फुटतात. पण ब्रुएननी 1970ला आपल्या नोंदींवरून सगळं छापलंय आणि मृत्यूचं कारण समजायला ते आकडे पुरेसे आहेत. तुमच्या अंगावरचा तीळ वाढत किंवा रंग बदलत असेल तर मात्र यूट्यूब बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न (पणजी): आजारी होते म्हणून 1945च्या याल्टाच्या बैठकीत, युद्धानंतरचं युरोप ठरवताना, स्टालिनने फसवलं का?

पोलंडमध्ये रशियाचं सैन्य आधीच बसलेलं होतं. बाकी इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारा.

प्रश्न (न्यू जर्सी): मग त्यांनी उभंच राहायला नको होतं असं तुमचं म्हणणं आहे का?

मतदारांनी 432 विरुद्ध 99 इलेक्टोरल मतांनी निवडून दिलं, तो त्यांचा हक्क. माझं म्हणणं एवढंच की मतदारांना खरं सांगायला हवं होतं, आणि त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या ट्रूमनना तरी. 82 दिवस उपाध्यक्ष होते, अणुबॉम्बचं काम चाललंय हे रुझवेल्टनी त्यांना सांगितलं नाही.

प्रश्न (सातारा): माझे मोठे दीर पंचायत समितीला उभे राहतायत. बीपी आहे, मागच्या वर्षी दम लागून अ‍ॅडमिट होते. प्रचाराला हरकत नाही ना?

ताई, न तपासता मी हो म्हणणार नाही. फॉर्म भरायच्या आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि किडनीची तपासणी करून हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. हो म्हणाले तर गोळ्या गाडीत, पाण्याच्या बाटलीशेजारी, कार्यकर्त्यांच्या घरचं खारं-तेलकट नको, दुपारी झोप. रोज सकाळी वजन करून लिहा, दोन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या तर सभा कितीही मोठी असू दे, त्याच दिवशी दवाखाना. आणि ते स्वतः विचारत नसतील तर तुम्ही सोबत जाऊन विचारा.