गावातलं बुद्धिबळ मंडळ वर्षभरात ओस पडलं. मोठ्या बक्षिसांची स्पर्धा घेतली तर माणसं परत येतील का?

नाही येणार. स्पर्धेपुरती येतील, बक्षीस घेऊन जातील आणि पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा एकटेच पट मांडून बसाल. एवढं ठामपणे सांगतोय, कारण याच मुद्द्यावरून सांगलीत आमच्या मंडळातल्या एका जुन्या सहकाऱ्याशी माझं वाजलं आणि ते अजून मिटलेलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आमची खोली गावभागात, तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर आत नुसता गाळ. लाकडी पट फुगून त्यांचे पापुद्रे सुटलेले, डिजिटल घड्याळं कामातून गेलेली. सोंगट्या वरून धड दिसत होत्या, पण बुडाचं हिरवं कापड निघालेलं आणि आतल्या लोखंडी वजनाचा गंज बाहेर झिरपत होता. गुंडाळायचे रेक्झिनचे पट तेवढे वाचले. पोरांनी बादलीत साबणाचं पाणी करून एकेक घोडा, एकेक उंट जुन्या टूथब्रशने घासला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका घरून फेल्ट आणि फेविकॉल घेऊन आले आणि प्यादी उलटी मांडून चिकटवत बसले. त्याच रविवारी, नेहमीच्या वेळेला, एका सभासदाच्या माडीवर आम्ही घड्याळाविना खेळलो. ज्यांची स्वतःची घरं अजून धुवून व्हायची होती, तेही आले होते. मंडळ म्हणतात ते हे.

मग सहकाऱ्याने टूम काढली: दणदणीत स्पर्धा घेऊ, प्रायोजक मिळेल, सगळं सामान नवं येईल. झाली स्पर्धा. बाहेरगावचे रेटिंगवाले, म्हणजे ज्यांच्या खेळाला अधिकृत गुणांकन मिळालंय असे, आले आणि वरची बक्षिसं घेऊन गेले. स्विस लीगमध्ये दर फेरीला साधारण सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांशी खेळतात; त्यात आमची पोरं शेवटच्या पटांवर, म्हणजे तळाला. खेळाडू विषम संख्येत झाले की दर फेरीत कुणालातरी बाय मिळणारच, म्हणजे त्याला त्या फेरीत भिडूच नसतो, पण 'आमच्याच मुलाला बाय का?' म्हणून पालक जोड्यांच्या कागदापाशी भांडत होते. खुर्च्या, चहा, निकालाच्या चिठ्ठ्या यांत आमच्या माणसांना एक डावसुद्धा खेळता आला नाही. जमलेले पैसे हॉल, पंच आणि बक्षिसांत संपले. फेल्ट चिकटवणारे काका त्यानंतर आलेच नाहीत. सहकारी आजही म्हणतो, 'पेपरात नाव तर आलं!' मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते बक्षिसांच्या रकमांमुळे नाही. नूतन बुद्धिबळ मंडळात भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या माणसाने या खेळापायी आयुष्य वेचलं. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे, पुढे स्वाती घाटे, ही नावं या मातीतली. मोठ्या स्पर्धा तिथेही होतात, पण मंडळ आधी, स्पर्धा नंतर.

तुमच्याकडे माणसं का गळाली ते लांबून सांगणं कठीण. माझा अंदाज असा, की नवखा येतो, तुमच्यातल्या तगड्या खेळाडूकडून पंधराव्या खेळीला मात खातो आणि पुन्हा फिरकत नाही. त्याला त्याच्या तोडीचा भिडू लगेच मिळाला पाहिजे. वार आणि वेळ एकदा ठरली की हलवू नका, गणपतीतसुद्धा नाही. वर्गणी थोडी ठेवा, पण ठेवा. आणि शिकवणीवाल्याला खोली भाड्याने देऊ नका, खोली शिकवणीच्या पोरांची होते आणि मोठी माणसं आपोआप बाहेर पडतात.

हां, मुलांना फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग हवं असतं, ते चूक नाही. पहिल्या रेटिंगसाठी रेटिंग असलेल्यांशी निदान पाच डाव लागतात, आणि मार्च २०२४ पासून रेटिंग यादीची तळरेषा, म्हणजे यादीत येण्यासाठी लागणारं किमान रेटिंग, १००० वरून १४०० वर गेल्यामुळे नवख्यांना ते आणखी जड झालंय. त्यासाठी पाच-सहा पोरं आणि एक पालक असे मिळून कोल्हापूर-पुण्याच्या स्पर्धेला जा. घरचं मंडळ त्यासाठी पणाला लावू नका. तुमच्याकडे राबायला पंधरा-वीस माणसं असतील तर गोष्ट वेगळी, मग घ्या खुशाल स्पर्धा. पण तुमच्या प्रश्नावरून तसं वाटत नाही. सगळं तुम्ही एकटेच ओढताय असं दिसतं, तेव्हा आधी खोलीची दुसरी किल्ली करून घ्या आणि जो सगळ्यांत नियमित येतो त्याच्या हातात द्या, भले तो सगळ्यांत कच्चा खेळत असेल.