सर्वांची खाती साध्या हक्कांची असतील, तरी टास्क शेड्यूलरचा पॅच लावावा का?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे : दापोलीजवळच्या आपल्या पतसंस्थेत विंडोज १० चे नऊ संगणक आहेत, काउंटरवरील कोणाकडेही अ‍ॅडमिनचे हक्क नाहीत, आणि २०१८ साली टास्क शेड्यूलरमधील (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सेवेतील) त्रुटीची बातमी आली तेव्हा कोणा जाणकाराने एका फोल्डरचे हक्क बदलून तात्पुरता बंदोबस्त केला होता. आता पॅचसाठी, म्हणजे ती त्रुटी दुरुस्त करणाऱ्या अपडेटसाठी, धावपळ करावी का आणि तो खरोखर लागला हे कसे ओळखावे, असे आपण विचारता. मी मालवणात राहतो आणि कुडाळ-कणकवलीपर्यंतच्या काही पतसंस्था, आंबा कॅनिंगचे दोन कारखाने व चार-पाच लॉज यांचे संगणक सांभाळतो. माझ्या मते पॅच लावलाच पाहिजे, आणि तो लागल्याची खात्री झाली की २०१८ चा बंदोबस्त काढून टाकला पाहिजे.

साध्या हक्कांच्या खात्यावर आपण विसंबून आहात. पण ही त्रुटी नेमका तोच आधार काढून घेते. काउंटरवरील कोणी मेलमधून आलेले खोटे बिल उघडले, तर एरवी नुकसान त्याच्या खात्यापुरते राहते. हक्कवाढीची त्रुटी असेल, तर तोच घुसखोर त्या खात्यातून थेट सिस्टमच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सर्वाधिक हक्कांच्या, खात्यापर्यंत पोहोचतो आणि मग अँटिव्हायरस बंद करणेही त्याला अवघड राहत नाही.

२०१८ ची त्रुटी, म्हणजे सीव्हीई या त्रुटींच्या जाहीर यादीतील सीव्हीई-२०१८-८४४०, समजून घेण्यासारखी आहे. टास्क शेड्यूलरची सेवा सिस्टमच्या हक्कांनी चालते. ‘माझ्या या कामाच्या फाइलचे हक्क बदलून द्या’ अशी विनंती साधा वापरकर्ताही तिच्याकडे करू शकतो, आणि अशा वेळी सेवेने विनंती करणाऱ्याची ओळख तात्पुरती धारण करून त्याच्याच हक्कांच्या मर्यादेत काम करायचे असते. त्या एका ठिकाणी सेवेने ते केले नाही. बदल स्वतःच्या, म्हणजे सिस्टमच्या, अधिकारात केला. त्यात भर अशी की विंडोज फोल्डरातील टास्क्स या जुन्या फोल्डरमध्ये लॉग-इन केलेल्या कोणालाही नवी फाइल ठेवता येत होती. तेथे वापरकर्त्याने हार्ड लिंक ठेवली की झाले. हार्ड लिंक म्हणजे त्याच फाइलचे दुसरे नाव. आपल्याकडच्या घराला पडवीकडून एक दार असते आणि परसाकडून दुसरे, पण घर एकच असते, तसेच हे. सेवेला वाटले की ती टास्क्समधील किरकोळ फाइलचे हक्क बदलत आहे. प्रत्यक्षात हक्क बदलले ते विंडोजच्या एका महत्त्वाच्या फाइलचे, जी त्यानंतर वापरकर्त्याला हवी तशी बदलता आली.

ही त्रुटी २७ ऑगस्ट २०१८ रोजी चालत्या नमुन्यासह उघड झाली आणि मायक्रोसॉफ्टचा पॅच आला ११ सप्टेंबरला. मधल्या काळात, उघड झाल्यापासून दोनच दिवसांत, पॉवरपूल नावाच्या हॅकर टोळीने ती वापरल्याचे इसेट या अँटिव्हायरस कंपनीला आढळले. आपल्या त्या जाणकाराने याच पंधरवड्यात बंदोबस्त केला असणार, आणि त्या वेळी तो योग्यच होता : टास्क्स फोल्डरमध्ये सामान्य वापरकर्त्यांना फाइल ठेवण्याची मुभा काढून घ्यायची आणि खुद्द सिस्टमलाही तेथे लिहिण्यास मनाई करायची.

परंतु तो बंदोबस्त त्या एकाच वाटेवर होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुरुस्त झालेली सीव्हीई-२०२४-४९०३९ ही त्रुटीही टास्क शेड्यूलरचीच, पण तिचा या फोल्डरशी संबंध नव्हता; रॉमकॉम टोळीने फायरफॉक्समधील त्रुटीला ती जोडून वापरली होती. शिवाय असा बंदोबस्त तसाच राहिला की जुन्या पद्धतीची .जॉब कामे अडतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पॅच लागल्यावर आयकॅकल्स ही आज्ञा वापरून सिस्टमवरची मनाई काढावी आणि वापरकर्त्यांचे मूळ हक्क परत द्यावेत. वेगवेगळे पॅच शोधत बसण्याची गरज नाही. विंडोज १० चे मासिक अपडेट संचयी असते, ताज्या अपडेटमध्ये मागचे सारे येते. एक अडचण मात्र आहे : विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे त्यापुढील दुरुस्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करावी किंवा विंडोज ११ कडे वळावे.

आता खात्रीविषयी. ‘अपडेट झाले’ या तोंडी उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. एका पतसंस्थेत पावसाळ्यात तीन वेळा हेच उत्तर मिळाले, आणि विंडोजची आवृत्ती दाखवणारे विनव्हर उघडून पाहिले तर बिल्ड क्रमांक (अपडेटनुसार बदलणारा आवृत्तीचा क्रमांक) मे महिन्यातला. संध्याकाळी विजा चमकू लागल्या की तेथील शिपाई थेट मेन स्विच पाडत असे. त्यात त्याची चूक नाही, आदल्या वर्षी विजेने तेथला राउटर जळाला होता. पण उतरवून ठेवलेले अपडेट रीस्टार्टची वाट पाहत तसेच पडून राहिले. तेव्हापासून मी प्रत्येक यंत्राचा बिल्ड क्रमांक वहीत लिहितो आणि मायक्रोसॉफ्टने त्या महिन्यासाठी दिलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा, येते. बुधवारी एका यंत्रावर आणि शुक्रवारी दुपारी वीज असताना उरलेल्यांवर, असा माझा क्रम आहे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती मला पॅचइतकीच महत्त्वाची वाटते. बहुतेक पतसंस्थांत रात्रीच्या बॅकअपचे काम टास्क शेड्यूलरमध्ये सिस्टमच्या नावाने लावलेले असते आणि त्याची बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) डी ड्राइव्हवरील फोल्डरमध्ये असते. सी सोडून इतर ड्राइव्हवर लॉग-इन केलेल्या कोणालाही फाइल बदलण्याची मुभा विंडोज मुळातच देते. म्हणजे काउंटरवरच्या साध्या खात्यातून त्या बॅच फाइलमध्ये एक ओळ वाढवली, की रात्री ती सिस्टमच्या हक्कांनी चालणार. मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीने यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, ही आपलीच मांडणी आहे. ती फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्ये हलवा आणि तेथे अ‍ॅडमिनशिवाय कोणाला लिहिता येत नाही हे तपासा. नंतर एका रात्री स्वतः थांबून बॅकअप चालताना पाहा. मी हा बदल पहिल्यांदा केला तेव्हा बॅच फाइल नव्या जागी गेली होती, पण टास्कमध्ये जुनाच पत्ता राहिला होता, आणि सकाळी बॅकअपचा फोल्डर रिकामा होता.