एमबीएनंतर अकाउंटिंगचं सर्टिफिकेट: फी भरण्याआधी क्रेडिट तपासून घ्या

नमस्कार. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही फोंड्याच्या. बीएस्सी आणि मग दोन वर्षांचं एमबीए केलंत. वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या कमर्शियल विभागात नोकरी आहे. आता एका अमेरिकन विद्यापीठाचं पाच विषयांचं, पंधरा क्रेडिटचं (क्रेडिट म्हणजे विद्यापीठात अभ्यास मोजायचं एकक) ऑनलाइन ग्रॅज्युएट सर्टिफिकेट घ्यायचं मनात आहे. त्यावर सीपीएला, म्हणजे आपल्या सीएसारख्या अमेरिकन परीक्षेला, बसता येईल का, गोव्यात त्याचा उपयोग होईल का, की कॅनडाला जाऊन तिथल्या एखाद्या कॉलेजातून असाच कोर्स करावा, हे तुम्ही विचारलंय. शिवाय घरच्यांचं म्हणणं, एमबीए झालं की शिक्षण संपलं. मी हॉटेलांच्या हिशेबात बरीच वर्षं आहे आणि एमबीएनंतर याच वाटेने गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्टिफिकेट ही स्वतंत्र पात्रता नाही. एखाद्या ठरलेल्या पात्रतेसाठी तुमचे अकाउंटिंगचे जेवढे क्रेडिट कमी पडतात, तेवढे भरून काढायचं ते साधन आहे. म्हणून कुठली पात्रता हवी ते आधी ठरवा, किती कमी पडतं ते लेखी मिळवा, आणि मग फी भरा. अनेकजण नेमका उलटा क्रम धरतात. जाहिरातीत 'सीपीएची तयारी' असं वाचून प्रवेश घेतात आणि क्रेडिटची चौकशी शेवटी करतात.

आता हिशेब बघू. अमेरिकेत सीपीएचा परवाना राज्याराज्यांची मंडळं देतात आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. आजवरचा सर्वसाधारण दंडक म्हणजे परवान्याला १५० क्रेडिट, आणि परीक्षेला बसायला पुष्कळ राज्यांत १२०. भारतातलं एक वर्षाचं विद्यापीठीय शिक्षण साधारण ३० क्रेडिटचं धरतात. तुमची तीन वर्षांची बीएस्सी ९० आणि एमबीए ६०, म्हणजे कागदावर १५० भरले. इथेच लोकांना वाटतं की काम झालं. पण एकूण बेरजेखेरीज दुसरी अट असते ती अकाउंटिंगच्या विषयांची. बऱ्याच राज्यांत ती २४ क्रेडिटच्या आसपास आहे, वर व्यवसायविषयक क्रेडिटची आणखी एक. बीकॉमवाल्यांचं त्यात बऱ्यापैकी निभावतं. बीएस्सीत मात्र अकाउंटिंगचा एकही पेपर नसतो, आणि एमबीएत सहसा दोन-तीनच. मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स हे विषय व्यवसायाच्या खात्यात जातात, अकाउंटिंगच्या नाही.

पंधरा क्रेडिटचं सर्टिफिकेट आणि एमबीएतले सहा-नऊ धरले तर कुठे काठावर पोहोचता, कुठे थोडक्यात हुकता. त्यातही मेख आहे. काही राज्यं प्राथमिक पातळीचा अकाउंटिंगचा विषय मोजतच नाहीत, काहींना ऑडिटचा विषय वेगळा हवा असतो. तेव्हा त्या पाच विषयांची नावं बघा. इंटरमीडिएट अकाउंटिंगचे दोन भाग, ऑडिटिंग आणि टॅक्स त्यात असतील तर कोर्स कामाचा. 'मॅनेजर्ससाठी अकाउंटिंग' किंवा 'फायनान्शियल स्ट्रॅटेजी' अशी नावं असतील तर ते तुमच्या एमबीएचीच उजळणी करतील. विद्यापीठाला तिथल्या प्रादेशिक संस्थेची मान्यता आहे का, हेही बघा.

अमेरिकेत बदल चालू आहेत, तेही ध्यानात असू द्या. जानेवारी २०२५ मध्ये ओहायोने कायदा करून पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा दुसरा मार्ग खुला केला, आणि मग इतर राज्यांनीही तीच दिशा धरली. म्हणजे १५० च्या आकड्याचा धाक कमी होतोय. अकाउंटिंगच्या विषयांची गरज मात्र त्यामुळे जात नाही. नुसते क्रेडिट वाढवायला कोर्स करणं याचसाठी आता आणखी महाग पडेल.

सर्टिफिकेटमध्ये एमबीएपेक्षा वेगळं काय शिकवतात, असा उपप्रश्न तुम्ही विचारलाय. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोव्यातलंच उदाहरण घेऊ. कळंगुटच्या एका रिसॉर्टकडे ऑक्टोबरात दिल्लीच्या पाहुण्यांचं बुकिंग आलं. २९ डिसेंबरला यायचं, ३ जानेवारीला जायचं, पाच रात्री, रात्रीला ८,००० रुपये. खोलीचा दर साडेसात हजारांच्या वर म्हणून १८ टक्के जीएसटी. पाहुण्यांनी ४७,२०० रुपये तेव्हाच पाठवले. एमबीएच्या वर्गात यावर कॅश फ्लोची चर्चा होईल, फार तर ऑक्युपन्सीची. अकाउंटंटला मात्र त्याच दिवशी एंट्री करायची असते. बँक डेबिट ४७,२००. क्रेडिटला ग्राहकाचा ॲडव्हान्स ४०,०००, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ३,६०० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ३,६००. पाहुणे दिल्लीचे असले तरी आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागत नाही, कारण हॉटेलची जागा गोव्यात आहे आणि कर जागेवरून ठरतो. सेवेचा ॲडव्हान्स हातात पडला की कराची जबाबदारी तेव्हाच येते, म्हणून ७,२०० चा कर ऑक्टोबरच्या रिटर्नमध्ये. उत्पन्न मात्र ऑक्टोबरात शून्य. ते ४०,००० म्हणजे रिसॉर्टवरचं देणं आहे, कारण खोली अजून दिलेली नाही. डिसेंबरच्या तीन रात्री सरल्यावर २४,००० उत्पन्नात येतात, जानेवारीच्या दोन रात्रींचे १६,००० पुढच्या महिन्यात. आपलं वर्ष ३१ मार्चला संपतं म्हणून हे दोन महिन्यांतलं वाटप वाटतं. मालक कंपनी अमेरिकन असेल आणि तिचं वर्ष ३१ डिसेंबरला संपत असेल, आणि सगळे ४०,००० डिसेंबरातच उत्पन्नात धरले, तर हेच १६,००० चुकीच्या वर्षात जातील आणि ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवेल.

एकाच व्यवहारात रोकड, कर आणि उत्पन्न तीन वेगवेगळ्या तारखांना उभं राहतं, हे हाताने लिहून कळतं. इंटरमीडिएट अकाउंटिंग म्हणजे हेच काम शेकडो व्यवहारांवर करणं: लीज, साठा, घसारा, बुडीत येणी. तुमच्या कंपनीत माल परत येण्याची तरतूद आणि मुदत संपलेल्या बॅचचा साठा हे रोजचे विषय असतील. तयार झालेली बॅलन्स शीट वाचायला एमबीए शिकवतं. ती खालून उभी करायला हा अभ्यास शिकवतो. त्यात मन रमत असेल तर पुढचं सगळं झेपेल. रमत नसेल तर सीपीएचा नाद सोडलेला बरा, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

अभ्यासाच्या वेळेचंही बघा. लाइव्ह क्लास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला असेल, तर उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. वेर्ण्याची शिफ्ट सांभाळून हे महिनोन्‌महिने चालत नाही. रेकॉर्ड केलेले क्लास आहेत का, परीक्षा कोणत्या वेळात देता येते, हे प्रवेशाआधी विचारा. चवथीच्या आठवड्यात घरात पुस्तक उघडता येत नाही, हेही गृहीत धरूनच विषय निवडा. एका सत्रात एक विषय, हा माझा सल्ला.

सीपीएच्या परीक्षेला चार पेपर, प्रत्येकी चार तासांचे. जानेवारी २०२४ पासून त्यांतले तीन सगळ्यांना सारखे आणि चौथा तीनांतून निवडायचा. उत्तीर्ण व्हायला ७५ गुण लागतात. सगळ्यांना सारख्या असलेल्या तीन पेपरांत फायनान्शियल रिपोर्टिंगचा सगळ्यात कठीण. २०२४ मध्ये त्यात जेमतेम ४० टक्के उत्तीर्ण झाले, आणि त्यांत मुळात अकाउंटिंग शिकलेल्यांचाच भरणा होता. २०२० पासून परीक्षा भारतात देता येते, पण गोव्यात केंद्र नाही. मुंबई किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पेपरला बसू नका, एक दिवस आधी पोहोचा. पहिला पेपर सुटल्यावर बाकीचे संपवायला मुदत असते. पूर्वी ती १८ महिने होती, आता बऱ्याच राज्यांनी ३० केली आहे. नोकरी करणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे.

आता गोव्यातल्या उपयोगाचं. भारतात कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही फक्त सीए करू शकतो, तिथे सीपीए चालत नाही. सीपीएला मागणी आहे ती अमेरिकन कंपन्यांचं काम इथून करणाऱ्या कार्यालयांत, आणि ती मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद, पुणे, मुंबईकडे. तुम्हाला फोंड्यातच राहून वेर्ण्यातच वर जायचं असेल, तर मी सीपीए सुचवणार नाही. तुमच्यासाठी जवळची वाट कॉस्ट अकाउंटंटची, म्हणजे आपल्या इन्स्टिट्यूटची सीएमए. पदवी असल्यामुळे फाउंडेशन लागत नाही, थेट इंटरमीडिएटला नाव घालता येतं, परीक्षा जून आणि डिसेंबरात. औषधनिर्मिती हा उद्योग कॉस्ट रेकॉर्ड आणि कॉस्ट ऑडिटच्या नियमांत येतो, म्हणून तुमच्याच कारखान्यात त्या शिक्षणाला रोजचं काम आहे. डॉलरमध्ये फी नाही, नोकरी सोडायची नाही. हा पर्याय आपल्याकडे उगीच दुय्यम मानला जातो, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

सीएचं दारही बंद नाही. इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के असतील तर थेट इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, नव्या योजनेत तीनऐवजी दोन वर्षांची झाली, पण ती पूर्णवेळ करावी लागते. विद्यावेतनावर घर चालत नाही. घरचा हप्ता तुमच्या पगारातून जात असेल तर हे आधी तोलून बघा.

कॅनडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या कोर्ससाठी जाऊ नका. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट ठराविक विषयांवरच मिळतं, आणि अकाउंटिंग त्यांत बसत नाही. विद्यापीठाच्या मास्टर्सला ही अट नाही, पण एमबीएनंतर पुन्हा मास्टर्सचा खर्च करायचा का, तो वेगळा विचार. म्हापशात, मडगावात अजूनही एजंट जुनी माहितीपत्रकं दाखवतात. त्यांना लेखी विचारा की या कोर्सवर वर्क परमिट मिळेल का. आणि अमेरिकन विद्यापीठाचा कोर्स घरी बसून ऑनलाइन केला तर त्यावर व्हिसा मिळत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोर्स संपला की 'कधी जाणार' सुरू होतं.

घरच्यांच्या मूळ आक्षेपाबद्दल एवढंच सांगेन की एमबीए वाया जात नाही. कंट्रोलरच्या, म्हणजे हिशेब विभागाच्या प्रमुखाच्या, खुर्चीत बसल्यावर बजेट मांडणं, मालकाला न आवडणारा आकडा नीट समजावणं, विक्री विभागाशी निभावून घेणं, या सगळ्यात तिथलंच शिक्षण उपयोगी पडतं. एन्ट्रीची खोली तेवढी राहून जाते, आणि ती एकतिसाव्या वर्षीही कमावता येते.

सीपीएच करायचं ठरलं, तर पहिलं काम कोर्सचं नव्हे, मूल्यमापनाचं, म्हणजे तुमच्या पदव्यांचे अमेरिकन हिशेबात किती क्रेडिट धरले जातात ते तपासून घेण्याचं. ताळगाव पठारावर विद्यापीठात जाऊन बीएस्सी आणि एमबीए दोन्हींच्या ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाने दिलेला विषय आणि गुणांचा उतारा) अर्ज करा. त्या विद्यापीठाच्याच बंद लिफाफ्यात जाव्या लागतात, घरी आलेली प्रत चालत नाही. एमबीएच्या अकाउंटिंगच्या विषयांचा अभ्यासक्रमही शिक्का मारून घ्या, कारण नुसत्या नावावरून विषय कुठल्या खात्यात धरायचा हे ठरत नाही. राज्य निवडताना सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकारचा ओळख क्रमांक) मागणारी राज्यं बाजूला ठेवा. मूल्यमापनाचा अहवाल हाती आला की त्यातले अकाउंटिंगचे क्रेडिट किती धरले ते इथे लिहा, सोबत त्या विद्यापीठाच्या पाच विषयांची नावंही द्या. कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे ते मी विषयवार सांगते.