वाजवणं, गाणं बांधणं आणि मिक्सिंग: हे तीन वेगळे धंदे आहेत

कराडहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, घरी लॅपटॉपवर लोकांच्या गाण्यांना म्युझिक करून देतो आणि मिक्सिंगही, म्हणजे आवाज आणि वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करणं, स्वतःच करतो. आता कॉलेज सोडून मुंबईला जायचं म्हणतो, शिवाय स्पीकर आणि माइकसाठी दीड लाख हवे आहेत. वडिलांच्या मते हा वाजंत्र्याचा धंदा. आई विचारते, ‘यावर घर चालतं का?’

ताई, नमस्कार.

घर चालतं. पण तुमचा मुलगा ज्याला एक काम समजतोय, ती तीन कामं आहेत. तिन्हींचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो आणि वेगळ्या ठिकाणी बुडतो. यात टिकतो तो सगळ्यात सुरेल माणूस असतोच असं नाही. घेतलेलं काम ठरल्या दिवशी पूर्ण करून हातात देणारा टिकतो.

वाजवण्याचे पैसे रोख आणि लवकर मिळतात, पण सीझनपुरते. गणपती, नवरात्र, लग्नसराई, एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम. मग पाऊस सुरू झाला की फोन थंड. या कामात माणूस पुन्हा बोलावला जातो तो कशावर? समजा गायिका ऐन वेळी म्हणाली, घसा बसलाय, अर्धा सूर खाली घ्या. काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये आलं. सगळ्या पट्ट्या वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबून भागतं. पण पुढच्या गाण्याआधी ते शून्यावर आणायचं राहिलं, तर वाद्यांचा पहिलाच तुकडा (पीस) अख्ख्या मैदानाला बेसूर ऐकू येतो. म्हणून बटण असलं तरी हाताला सगळ्या पट्ट्या यायला हव्यात. त्याला रोज थोडा वेळ बटणाशिवाय वाजवायला सांगा. आणि ढोल-ताशा किंवा डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहायचं असेल तेव्हा कानात इअरप्लग. पुढे मिक्सिंग करायचंय त्याला, कान गेले तर ते काम संपलं.

दुसरं काम गाणं बांधण्याचं, आणि खरी गळती इथे आहे. कुणीतरी मोबाइलवर गुणगुणून चाल पाठवतो. तुमचा मुलगा लय ठरवतो, कॉर्ड बसवतो, लॅपटॉपवर ढोलकी प्रोग्रॅम करतो, मधले पीस रचतो. मग निरोप येतो, ‘जरा बासरी टाकून बघ.’ चार दिवसांनी, ‘बासरी काढ, आधीचंच बरं होतं.’ हे सगळं ठरलेल्या रकमेतच. अशा निर्मात्याला वाईट म्हणण्यात अर्थ नाही, बदल किती वेळा करून मिळतील हे कुणी त्याला सांगितलेलंच नसतं. दोनदा बदल मोफत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, अर्धी रक्कम आधी, उरलेली फायनल फाइल देण्यापूर्वी. एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून समोरच्याचा ‘ओके’ घ्यायचा. वाजवणाऱ्यांचे पैसे बुडतात ते तोंडी व्यवहारामुळे, हे त्याच्या वडिलांनाही सांगा.

याला जोडूनच हक्कांचा मुद्दा येतो. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या वादक-अरेंजरांनी (अरेंजर म्हणजे चालीभोवती वाद्यांची रचना करणारा) केलेलं काम आजही कानात आहे, पण गाणी ओळखली जातात संगीतकारांच्या नावानं. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराची रॉयल्टी गीतकार-संगीतकाराकडून करार करूनही काढून घेता येत नाही. अरेंजर किंवा प्रोग्रॅमर म्हणून नाव असेल तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. तेव्हा मुखड्याची चाल तुमच्या मुलाची असेल, तर सहसंगीतकार म्हणून नाव आणि वाटा आधीच लिहून घ्यावा आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. चाल दुसऱ्याची असेल तर आपली मजुरी नीट घ्यावी आणि श्रेयनामावलीत नाव मागावं. मागायला लाजू नये.

तिसरं मिक्सिंग. हे कराडमध्ये बसून करता येतं, ट्रॅक नेटवरून येतात आणि नेटवरूनच जातात. म्हणून माझ्या मते बारमाही उत्पन्नासाठी त्यानं याच कामावर जोर द्यावा. इथे गिऱ्हाईक परत येतं ते साध्या गोष्टींमुळे. सगळ्या ट्रॅकची सुरुवात एकाच बिंदूपासून हवी, म्हणजे दुसऱ्या स्टुडिओत उघडल्यावर तबला गाण्याच्या पुढे पळत नाही. फाइलच्या नावात गाणं, पट्टी, टेम्पो. व्हिडिओसाठी फाइलचा दर्जा 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. गायकाला कार्यक्रमात लागतो म्हणून आवाजाविना ट्रॅक न मागता सोबत द्यायचा. आणि ‘आवाज मोठा कर’ या आग्रहाला एक उत्तर त्याच्याकडे तयार असावं: स्पॉटिफायसारखी माध्यमं गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा जाणवतो ते मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतात. दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच आणलं जातं, वर ढोलकीची थाप मरते ती मरतेच.

आता दीड लाख. दहा बाय दहाच्या उघड्या भिंतींच्या खोलीत महागडे स्पीकर लावून फारसं काही साधत नाही. अशा खोलीत कोपऱ्यात बेस फुगतो, तर खोलीच्या मधोमध तो गायब होतो, आणि पोरगं त्यावर विसंबून मिक्स बिघडवतं. आत्ता एक साधा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्य लॅपटॉपला जोडणारा डबा), बरा हेडफोन, भिंतींना आवाज शोषणारे रॉकवूलचे पॅनल आणि एक परवान्याचं सॉफ्टवेअर पुरे. रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरचा वैयक्तिक परवाना 60 डॉलरला मिळतो. चोरीचे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे आवाजांचे आणि इफेक्टचे प्रोग्रॅम) नकोत, डेडलाइनच्या आदल्या रात्री तेच दगा देतात. मिक्स झालं की गाडीत, मोबाइलवर आणि स्वयंपाकघरातल्या स्वस्त ब्लूटूथ स्पीकरवर ऐकून बघायचं. उरलेली रक्कम बँकेत राहू दे.

कॉलेज सोडू देऊ नका. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) ध्वनिमुद्रण शिकायचं मनात आलं तर पदवी लागते (कॉमर्सवाल्यांनी प्रवेशाच्या अटी आधी नीट वाचाव्यात). दुसरं म्हणजे त्याच्या धंद्याला बी.कॉम. लागणारच आहे. कंपनीनं काम दिलं की मानधनातून बहुतेक वेळा 10 टक्के टीडीएस कापून पैसे येतात. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात, पण कितीतरी वादक रिटर्नच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी आला. बिल फाडता येणारा कीबोर्ड प्लेयर आपल्याकडे अजून दुर्मीळ आहे.

मुंबईला जरूर जावं, पण तिथल्या दोघा-तिघांनी कामासाठी बोलावल्यावर. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंच्या आसपास खोली घेऊन फोनची वाट बघत बसलं की बचत भाड्यातच जाते. सुट्टीत एखाद्या अरेंजरकडे महिनाभर सहायक म्हणून राहता आलं तर सर्वांत उत्तम. पैसे थोडे मिळतील, पण रेकॉर्डिंगचं सेशन कसं चालतं ते कळेल. स्वस्तातल्या जाहिरातींचं आणि व्हिडिओमागचं संगीत आता एआयकडून बनवून घेतलं जाऊ लागलंय, त्यामुळे त्या कामाच्या भरवशावर मुंबई गाठू नये. गायकासमोर बसून त्याच्या गळ्याप्रमाणे गाणं बांधणारा मात्र लागतोच.

आज त्याला एवढंच विचारा: गेल्या तीन कामांचे पैसे किती ठरले, किती आले, कधी आले? वहीत लिहून द्यायला सांगा. तीन ओळी लिहायला जमलं नाही, तर दीड लाखाची चर्चा पुढे ढकला. जमलं, तर यंदाच्या गणपतीची बोलणी त्याची त्यालाच करू द्या. मात्र तारीख देण्याआधी आगाऊ रक्कम घ्यायची, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.